एका सहीची सत्ता आणि बाबासाहेबांचे पुण्यातील भाषण

१९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली. एच-वन-बी व्हिसावर नवा माणूस आणायचा असेल तर कंपनीने एक लाख डॉलर, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये, भरावेत असा तो हुकूम होता. दुसऱ्या दिवशी पुण्यातील शेकडो घरांतले फोन वाजत होते. त्यांत कोथरूड-बाणेरची घरे होती, तशी येरवडा, विश्रांतवाडी, ताडीवाला रोड येथीलही होती. कारण शिष्यवृत्तीवर शिकून, वसतिगृहात राहून, हिंजवडीच्या कंपनीतून अमेरिकेला गेलेली आपल्या समाजाची पहिली पिढी आता तेथे आहे. सुट्टीवर घरी आलेली मुले परत कशी जाणार, या विचाराने आईबाप हवालदिल झाले. पुढे व्हाइट हाऊसने खुलासा केला की, ही रक्कम फक्त नव्या अर्जांना लागू आहे. पण तोपर्यंत एक रात्र जागून काढावी लागली होती.

या प्रसंगानंतर आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटली. एक विचारत होती, एका माणसाच्या सहीत एवढी ताकद येते कुठून? तेथे संसद नाही काय, कायदा नाही काय? दुसरी माणसे उलटे बोलत होती. आपल्याकडेही असाच एक खंबीर राष्ट्राध्यक्ष पाहिजे, सही केली की काम झाले, चर्चेचे गुऱ्हाळ नको, असे त्यांचे म्हणणे. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांत आपल्या चळवळीतले काही तरुणही निघाले, याचे आम्हाला वाईट वाटले. म्हणून हा विषय वाचकांपुढे सविस्तर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम अमेरिकेतील कार्यकारी सत्तेची रचना समजून घेतली पाहिजे. त्या देशाच्या संविधानातील दुसऱ्या अनुच्छेदाने सर्व कार्यकारी सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या ठायी ठेवली आहे. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तेथे तसे नाही. तेथील राष्ट्राध्यक्ष हाच राज्याचा प्रमुख आणि हाच सरकारचा प्रमुख. त्याची मुदत ४ वर्षांची. त्याला निवडून देणारे निर्वाचक ५३८, आणि त्यांतील किमान २७० मते त्याला मिळावी लागतात. त्याच्या हाताखाली १५ खाती आहेत. खात्याच्या प्रमुखाला तेथे सचिव म्हणतात, पण तो आपल्या मंत्रालयातील सचिवासारखा सनदी नोकर नसतो आणि आपल्या मंत्र्यासारखा सभागृहाचा सदस्यही नसतो. किंबहुना संसदेचा सदस्य असताना त्याला हे पद घेताच येत नाही. राष्ट्राध्यक्षाने त्याला नेमायचे, सिनेटने त्या नेमणुकीला संमती द्यायची. आणि काढायचे झाले तर राष्ट्राध्यक्षाने कोणालाही न विचारता काढायचे.

सैन्याचा सरसेनापती तोच. परराष्ट्रांशी तह तोच करतो, पण त्याला सिनेटच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. संसदेने केलेला कायदा तो नाकारू शकतो. मग दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा संमत केला तरच कायदा होतो. संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्याला तो माफी देऊ शकतो. २० जानेवारी २०२५ रोजी, पदावर बसल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरील हल्ल्यातील सुमारे १,५०० जणांना माफी देऊन टाकली. महाभियोगाची तरतूद आहे. परंतु आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग आला आणि एकालाही सिनेटने पदावरून काढले नाही. निक्सन १९७४ साली गेले, ते स्वतः राजीनामा देऊन. आणि १ जुलै २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, राष्ट्राध्यक्षाने आपल्या मूळ घटनात्मक अधिकारात केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला चालू शकत नाही आणि इतर अधिकृत कृत्यांबाबतही त्याला संरक्षण आहे असेच प्रथम गृहीत धरावे लागेल.

आता प्रश्न असा की, आपल्या संविधानाच्या शिल्पकाराला ही पद्धत ठाऊक नव्हती काय? बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकले. अमेरिकेच्या राज्यपद्धतीचा अभ्यास असलेले त्यांच्याएवढे विद्वान संविधान सभेत फार नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवताना त्यांनी या पद्धतीची चर्चा सुरुवातीलाच केली. त्यांच्या मांडणीचा आशय असा की, लोकशाहीतील सरकारकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते, ते स्थिर असावे आणि जबाबदार असावे. या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा हिशेब मतदार ४ वर्षांनी घेतात. संसदीय पद्धतीत हा हिशेब रोजचा असतो. प्रश्न विचारून, ठराव मांडून, तहकुबीच्या सूचनेने, अविश्वासाच्या ठरावाने. भारतासारख्या देशात रोजचा हिशेब अधिक गरजेचा आहे, म्हणून मसुद्याने जबाबदारीला पहिला मान दिला, असे बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले.

ज्या समाजाला हजारो वर्षे कोणी हिशेबच दिला नाही, त्या समाजातून आलेल्या माणसाने रोजचा हिशेब निवडला, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. पाच वर्षांनी एकदा मत देऊन गप्प बसणे धनदांडग्यांना परवडते, कारण मधल्या काळात त्यांना मंत्र्याचे दार उघडे असते. आपल्या माणसाला ते दार उघडे नसते. त्याच्या वतीने सभागृहात कोणीतरी उठून प्रश्न विचारील, हाच त्याचा आधार असतो.

याच विषयावर बाबासाहेब पुढे आपल्या पुण्यात बोलले, ही गोष्ट मात्र पुणेकर विसरले आहेत. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयाच्या निमंत्रणावरून त्यांनी वकिलांपुढे भाषण केले. लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी आधी असाव्या लागतात, हा त्या भाषणाचा विषय. समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यात आणि कारभारात समता हवी, संविधानिक नीती हवी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करता कामा नये, अशा त्या अटी होत. त्यांतील दोन अटी समजावून सांगताना त्यांनी उदाहरणे घेतली ती अमेरिकेच्या कार्यकारी सत्तेची.

पहिले उदाहरण नोकऱ्यांच्या लुटीचे. अमेरिकेत एके काळी असा रिवाज होता की, नवा पक्ष सत्तेवर आला की जुने सर्व सरकारी नोकर, अगदी कारकून आणि शिपायासुद्धा, घरी पाठवायचे आणि निवडणुकीत ज्यांनी मदत केली त्यांना त्या जागा वाटायच्या. जिंकणाऱ्याची लूट, असेच या पद्धतीचे नाव होते. अँड्र्यू जॅक्सन १८२९ साली राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हापासून ती बोकाळली. १८८१ साली नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी घातली, तेव्हा देशाचे डोळे उघडले. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने गुणवत्तेवर, परीक्षेने भरती सुरू झाली. बाबासाहेबांचा मुद्दा हा की, कारभार निःपक्षपाती नसेल तर कायद्यातली समता कागदावरच राहते.

दुसरे उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांचे. अमेरिकन जनता त्यांना देवासमान मानत होती. ते दुसऱ्यांदा उभे राहायलाच तयार नव्हते, आग्रहाखातर राहिले. तिसऱ्यांदा लोक आले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. वंशपरंपरेचा राजा नको म्हणून आपण हे संविधान केले. आता तुम्ही मलाच वर्षानुवर्षे निवडून देऊ लागलात तर त्या तत्त्वाचे काय राहिले, अशी त्यांची भूमिका होती. याला बाबासाहेबांनी संविधानिक नीती म्हटले. संविधानाच्या ओळींत जे लिहिलेले नाही तेही पाळणे, ही ती नीती. त्या वेळी हे उदाहरण ताजेच होते. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर, १९५१ सालीच, दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येण्यास बंदी करणारी २२ वी दुरुस्ती अमेरिकेने आपल्या संविधानात केली होती. दीडशे वर्षे जी गोष्ट नीतीने चालली, ती शेवटी कायद्यात लिहावी लागली.

पुण्याच्या त्या सभेला ७० वर्षे उलटून गेली. आज अमेरिकेत काय चालले आहे? २० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या एका आदेशाने धोरणाच्या कामाशी संबंध असलेल्या सनदी नोकरांना सहज काढता येईल अशा वर्गात टाकण्याचा मार्ग खुला केला. चारच दिवसांनी, विविध खात्यांतील गैरव्यवहारांवर नजर ठेवणारे डझनाहून अधिक महानिरीक्षक एका रात्रीत काढले गेले. पेंडलटन कायद्याने जे दार बंद केले होते त्याची कडी पुन्हा काढली जात आहे. पुण्यात बाबासाहेबांनी ज्याला धोका म्हटले तोच हा.

पण वाचकहो, अमेरिकेतील या सहीचा खरा अर्थ समजायचा असेल तर तो तेथील काळ्या माणसाच्या नजरेतून समजून घ्यावा लागेल. याही गोष्टीची सुरुवात पुण्यापासून करता येते. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पेशव्यांच्या पुण्यात बसून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडच्या मुक्तीशी नाते जोडले. ती मुक्ती कशी आली होती? १ जानेवारी १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी सरसेनापती या नात्याने जाहीरनामा काढला आणि बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. म्हणजे तीही एक सहीच होती. पण लिंकन यांना माहीत होते की, युद्धातील जाहीरनामा पुढचा राष्ट्राध्यक्ष किंवा न्यायालय मोडून काढू शकेल. म्हणून त्यांनी संविधानाच्या १३ व्या दुरुस्तीचा आग्रह धरला, आणि त्यांच्या हत्येनंतर, डिसेंबर १८६५ मध्ये, ती संविधानात दाखल झाली.

लिंकन यांची शंका किती खरी होती ते लगेच दिसले. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांच्या आदेशाने दक्षिणेच्या किनाऱ्यावरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटण्यास सुरुवात झाली होती. लिंकन गेले, अँड्र्यू जॉन्सन आले, आणि त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करण्याचे हुकूम सुटले. जमिनीचा आदेश आदेशानेच गेला. दास्यमुक्ती मात्र टिकली, कारण ती संविधानात गेली होती. जोतीरावांनी ग्रंथ अर्पण केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट सत्तेवर होते आणि त्यांनी १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवाद्यांना सैन्य लावून मोडले होते. पण १८७७ साली नव्या राष्ट्राध्यक्षाने दक्षिणेतील राजवटींच्या पाठीशी उभे असलेले सैन्य मागे घेतले, आणि पुढची जवळजवळ ८० वर्षे काळ्या माणसाचे मत, शाळा, रेल्वेचा डबा, सगळे हिरावले गेले. संविधानातील १४ वी आणि १५ वी दुरुस्ती जागच्या जागी होती. अंमल करणारा हात मात्र निघून गेला होता.

बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले त्या १९१३ सालीच वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते. हे गृहस्थ राज्यशास्त्राचे नामवंत प्राध्यापक, विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले. त्यांच्याच कारकिर्दीत, कोणताही नवा कायदा न करता, टपाल आणि कोषागार खात्यांत काळ्या कारकुनांची टेबले, जेवणाच्या जागा, स्वच्छतागृहे वेगळी करण्यात आली. पुढल्या वर्षी नोकरीच्या अर्जाबरोबर छायाचित्र मागण्यास सुरुवात झाली. कातडीचा रंग आधीच कळावा म्हणून. आडनावावरून जात ओळखणाऱ्या आपल्याकडच्या साहेबांना हे उदाहरण परके वाटायला नको.

मग सहीने चांगले काही झाले नाही काय? झाले. पण कसे झाले ते बघा. १९४१ साली कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी हजारो काळ्या कामगारांना घेऊन वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा रूझवेल्ट यांनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील वंशभेदाला बंदी करणारा आदेश काढला. २६ जुलै १९४८ रोजी ट्रुमन यांनी सैन्यातील भेदभाव संपवण्याचा आदेश काढला. त्यामागेही रँडॉल्फ यांची चळवळ होती. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना जाऊ दिले जाईना, तेव्हा आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवले. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांनी सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी भेदभाव करू नये आणि संधी देण्यासाठी होकारार्थी पावले उचलावीत, असा ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. तो ५९ वर्षांहून अधिक काळ टिकला. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी तो एका सहीने रद्द केला. परंतु १९६४ चा नागरी हक्क कायदा त्यांना सहीने रद्द करता आलेला नाही, कारण तो संसदेने केलेला कायदा आहे. तसेच, तात्पुरत्या व्हिसावरील आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व नाकारणारा आदेश त्यांनी पहिल्या दिवशी काढला, तो एका संघीय न्यायाधीशाने तीनच दिवसांत रोखून धरला. कारण मध्ये १४ वी दुरुस्ती उभी होती. ही दुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांसाठी झाली होती. आज पुण्याहून गेलेल्या मराठी घरांतील बाळाच्या पाळण्याशी तीच उभी राहिली, हे आपल्या परदेशी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

या इतिहासाचा निष्कर्ष सरळ आहे. कार्यकारी सत्तेच्या सहीने मिळालेली गोष्ट सवलत असते, ती हक्क होत नाही. ती संविधानात किंवा कायद्यात बांधली, आणि तिच्यावर पहारा देणारी चळवळ जागी राहिली, तरच ती हक्क होते.

हा धडा आपल्याला नवा आहे काय? मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. अंमल झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार करून. साडेपंधरा वर्षे ठराव तसाच पडून राहिला. घरे जळाली, माणसे शहीद झाली. काही न करणे ही कार्यकारी सत्तेची सर्वांत मोठी शक्ती आहे, हे आपल्याएवढे कोणाला ठाऊक असणार? आणि करण्याची शक्तीही आपण पाहिली आहे. ७ मे २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने एका शासन निर्णयाने पदोन्नतीतील मागासवर्गीयांचा कोटा बाजूला ठेवून सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरवले. विधिमंडळात चर्चा नाही, मतदान नाही. त्या वेळी सत्तेवर असलेले पक्ष स्वतःला पुरोगामी म्हणवणारे होते, हेही सांगितले पाहिजे. सही कोणत्या झेंड्याखाली झाली याने सहीची धार बदलत नाही.

जिंकणाऱ्याच्या लुटीचेही आपल्याकडे नवे रूप आले आहे. त्याला आता कंत्राटी भरती म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात ४५ वरिष्ठ पदे थेट भरतीने, आरक्षणाशिवाय भरण्याची जाहिरात आली. विरोध झाला आणि काही दिवसांत तीही मागे घेतली गेली. मागे गेलेले पाऊल पुन्हा पुढे येणार नाही असे कोणी समजू नये. बिंदुनामावली नसलेल्या दारातून माणसे घ्यायची आणि बिंदुनामावली असलेल्या जागा रिकाम्या ठेवायच्या, हा प्रकार सफाई कामगारापासून सहसचिवापर्यंत सगळीकडे चालतो.

आणि ज्यांना एकहाती कारभार हवा आहे, त्यांनी आपल्या पुण्याकडेच पाहावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्यानुसार महापौर सभेचा अध्यक्ष असतो. कार्यकारी सत्ता मात्र आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. आयुक्ताला विचारणारे लोक म्हणजे नगरसेवक, स्थायी समिती आणि मुख्य सभा. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. स्थायी समितीचे अधिकार त्यांचेच, मुख्य सभेचेही त्यांचेच. मागणी करणारा तोच, मंजुरी देणारा तोच. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले तोपर्यंत पावणेचार वर्षांहून अधिक काळ हे चालले. या काळात वस्तीत पाणी आले नाही, ड्रेनेज तुंबले, तर बाई कोणाच्या दारात जाणार होती? पूर्वीचा नगरसेवक म्हणायचा, माझ्या हातात काही नाही. अधिकारी म्हणायचा, अर्ज देऊन जा. नगरसेवक फार चांगले होते असा आमचा दावा नाही. पण मताची भीती असलेला माणूस आणि बदलीखेरीज कसलीच भीती नसलेला माणूस यांत फरक असतो. तो फरक ज्यांच्या घरी टँकर येतो त्यांना कळत नाही; ज्यांना हंडा घेऊन उभे राहावे लागते त्यांना कळतो.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. अध्यक्षीय पद्धतीचे पुरस्कर्ते अधूनमधून बाबासाहेबांचाच दाखला देतात. महाराष्ट्रात वसंत साठे यांच्यासारख्या नेत्यांनी या पद्धतीचा जाहीर पुरस्कार केला होता, त्यामुळे वाद जुना आहे. दाखला असा की, १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात त्यांनी अमेरिकन कार्यकारी सत्तेचा नमुना समोर ठेवला होता. ही गोष्ट खरी आहे. पण अर्धे सत्य सांगणे ही मनुवादी विद्वानांची जुनी खोड आहे. उरलेले अर्धे असे.

बाबासाहेबांनी अमेरिकन नमुना जसाच्या तसा घेतला नाही, अल्पसंख्याकांच्या गरजेप्रमाणे तो बदलून घेतला. त्यांच्या योजनेत कार्यकारी मंडळ सभागृहाच्या मुदतीपर्यंत टिकणारे होते, हे अमेरिकेसारखे. पण पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडायचा होता, एकट्या बहुसंख्याक पक्षाने नव्हे. मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्याक समाजाच्या सदस्यांनीच निवडायचे होते. आणि बहुसंख्याक समाजाचे प्रतिनिधी मात्र सर्व सभागृहाने, म्हणजे आपल्या मतांनीही, निवडायचे होते. मंत्र्यांनी सभागृहात बसून प्रश्नांना उत्तरे द्यायची होती. हेतू त्यांनी स्पष्ट लिहिला आहे. बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांना न विचारता सरकार बनवू नये, कारभार एकट्याच्या मुठीत घेऊ नये, आणि ज्यांच्यावर आपल्या समाजाचा विश्वास नाही अशी माणसे समाजाचे प्रतिनिधी म्हणून मंत्रिमंडळात बसवू नयेत.

येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सही करावी लागली, त्या सहीतून निघालेल्या संयुक्त मतदारसंघाचा अनुभव या योजनेच्या मागे आहे. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आपला माणूस आपला राहत नाही, हे त्यांनी पुढच्या निवडणुकांत पाहिले होते. म्हणून त्यांना पाहिजे होते ते बहुसंख्याकांना लगाम घालणारे स्थैर्य. आजच्या पुरस्कर्त्यांना पाहिजे आहे ते बहुसंख्याकांना मोकाट सोडणारे स्थैर्य. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधली सगळी योजना घ्यायला तयार आहात काय? दलितांचा मंत्री दलित प्रतिनिधींनी निवडावा, मुसलमानांचा मुसलमान प्रतिनिधींनी, हे मान्य आहे काय? नसेल तर बाबासाहेबांचे नाव घेऊ नका.

आपल्या संसदीय पद्धतीत सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सदस्याला पक्षादेशाविरुद्ध मत देता येत नाही, त्यामुळे रोजच्या हिशेबाची धार बोथट झाली आहे. पंतप्रधानाच्या नावावर निवडणुका लढवून, एकाच चेहऱ्याभोवती आरती ओवाळून, कागदावर संसदीय आणि व्यवहारात अध्यक्षीय अशी पद्धत आलीच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, राजकारणात भक्तीची वाट हुकूमशाहीकडे जाते. तेव्हा दुखणे जबाबदारी कमी पडण्याचे आहे. त्यावर आणखी कमी जबाबदारीची पद्धत हे औषध कसे होईल?

म्हणून आमचे आवाहन आहे. शासन निर्णय निघाला की आनंदाने पेढे वाटण्याआधी विचारा, याला कायद्याचा आधार आहे काय, की उद्याची सही याला पुसून टाकील? आपल्या भागातून निवडून आलेल्या नगरसेवकाला मुख्य सभेत प्रश्न विचारायला लावा. साडेतीन वर्षांहून अधिक काळ जे सभागृह मुके होते ते पुन्हा मुके राहू देऊ नका. अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलामुलींनीही तेथील काळ्या बांधवांच्या लढ्याचा इतिहास वाचावा. ज्या दुरुस्त्यांच्या छायेखाली ते तेथे राहतात त्या कोणाच्या रक्तातून आल्या हे त्यांना कळेल. आणि विहारात, वाचनालयात, अभ्यासवर्गात २२ डिसेंबर १९५२ चे पुण्यातील भाषण एकदा तरी मोठ्याने वाचा. ते वकिलांपुढे झाले होते, पण ते वकिलांपुरते नाही. जयभीम!